समोरासमोरची दारं

घर बघायला गेलो त्या दिवशी नवरा पुढे चालत होता आणि मी मुलीला कडेवर घेऊन मागून चिखल तुडवत येत होते. तो एजंटला विचारत होता, की आवारात गाड्या किती राहतील. मी घराकडे बघत होते आणि मला चक्क राग येत होता. इतकं सुंदर घर आमच्या हातात पडणार आणि आम्ही त्याची वाट लावणार, हे मला त्या फाटकापाशीच दिसत होतं. मला कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे मी काही बोलले नाही.

नवरा डॉक्टर. वेल्सच्या मध्यावर, डोंगरांच्या बेचक्यात बसलेल्या एका गावच्या हॉस्पिटलात होता. काम कन्सल्टंटचं करायचं आणि दारावर पाटी मात्र दुसऱ्याची, अशी त्याची नोकरी होती. तो मुलाखती द्यायचा आणि दर वेळी पोस्ट त्याच्यापेक्षा लहान, त्यानेच शिकवलेल्या कुणा गोऱ्या पोराला जायची. हे वाईटच होतं, आणि त्याचा जीव त्यात किती जळायचा ते मी रोज बघत होते. त्याच्या वरचे सगळे कन्सल्टंट आसपासच्या जुन्या दगडी घरांत राहायचे. आमच्या डॉक्टरांनी त्यावरून निदान केलं, की आधी तसलं घर घ्यावं म्हणजे पोस्ट मागोमाग येईल.

मी पुण्यात आर्किटेक्चर शिकले, लग्नाआधी काही वर्षं एका चांगल्या ऑफिसात कामही केलं. इथे आल्यावर कळलं, की परत परीक्षा द्याव्या लागतात आणि त्या पास होईपर्यंत स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेणंसुद्धा कायद्यात बसत नाही. परीक्षा द्यायला एका जागी राहावं लागतं. आम्ही दर सहा महिन्यांनी नव्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये कुकर आणि गाद्या हलवत होतो. मग मुलगी झाली. पार्टीत नवरा माझी ओळख करून द्यायचा, "माय वाइफ. शी इज अ होममेकर." घर करणारी. पुण्यात मी खरोखरच घरं करत होते, पण तो विनोद तिथे कुणाला कळणार?

घराबद्दल सांगते, कारण घराबद्दल नीट कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

ते डोंगराच्या उतारावर होतं, आणि उताराला आडवं नाही तर उताराच्या दिशेने लांबच लांब. वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला गुरं आणि दोघांवर एकच स्लेटचं छप्पर. गुरांचं सगळं खाली वाहून जावं आणि त्यांची ऊब मात्र घराला मिळावी, अशी ती सोय. माणसं आणि गुरं यांच्या मध्ये एक आडवा बोळ होता. बोळाच्या एका टोकाला अंगणाकडचं दार, दुसऱ्या टोकाला डोंगराकडचं दार, दोन्ही अगदी समोरासमोर. दोन्ही उघडी टाकली की अंगणात उभं राहून घरातून आरपार पलीकडचं गवत दिसायचं. बोळातून एका हाताला वळलं की घर, दुसऱ्या हाताला वळलं की गोठा. माणसं आणि जनावरं एकाच दाराने आत यायची आणि मग आपापल्या बाजूला जायची. आमच्याकडे कोकणात आणि मावळात लोक याहून वेगळं काय करत होते? मी पहिल्यांदा त्या बोळात उभी राहिले तेव्हा मला परकं वाटलं नाही. या देशात मला परकं न वाटलेली ती पहिली जागा.

बोळाच्या भिंतीला पाठ लावून घराची शेकोटी होती. शेकोटी म्हणजे फायरप्लेस, पण हिच्यात माणूस उभा राहील एवढी. वर ओकची काळीभोर तुळई, बाजूला भिंतीच्या पोटातून गोल फिरत वर जाणारा दगडी जिना. छप्पर पेलणाऱ्या जोड्या तर बघत राहाव्यात अशा. मुळातच वाकडं वाढलेलं झाड शोधायचं, ते उभं चिरायचं आणि दोन्ही फाका समोरासमोर टेकवून जमिनीपासून आढ्यापर्यंत एक टोकदार कमान करायची. आमच्या हॉलच्या भिंतींतून ती वाकडी लाकडं खाली उतरलेली दिसायची.

भिंती दोन हात जाड. दोन बाजूंनी दगड, मध्ये माती आणि खडी, वरून चुना. पायाला ओल अडवणारं काही नाही, कारण ओल अडवायचीच नाही, असा त्या बांधणाऱ्यांचा हिशोब. जमिनीतली ओल भिंतीत चढते, चुना ती बाहेर सोडतो, वारा ती घेऊन जातो. म्हणून आत सतत थोडी आग हवी आणि थोडा वारा हवा. शेकोटी पेटवताना मागचं दार बोटभर उघडं ठेवलं की धूर सरळ वर जायचा. बंद ठेवलं की पुढच्या खोलीत खोकत बसा. ते दार म्हणजे त्या घराचं नाक होतं, असं मी नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "मी ईएनटीवाला नाही."

सगळ्यात जुनी गोष्ट होती ती मागच्या दाराची चौकट. पुढची केव्हातरी बदलली होती. मागची मूळचीच होती. दोन जाड ओकचे खांब आणि वरची पट्टी एकाच लाकडातून हलक्या कमानीसारखी कोरलेली, खिळा एकही नाही, नुसत्या लाकडी खुंट्या. सांध्यांवर सुताराने पटाशीने मारलेल्या खुणा होत्या. चौकट बहुतेक दुसरीकडे कुठेतरी तयार केलेली, मग सुटी करून डोंगरावर आणलेली, आणि कुठला खांब कुठल्या खाचेत बसवायचा ते चुकू नये म्हणून त्या खुणा. त्यांच्यावरून मी बोट फिरवायची. त्या माणसाचं काम मला कळत होतं आणि त्याचं मला फार बरं वाटायचं.

मुलगी नर्सरीत जायला लागली तशी मी घर मोजायला लागले. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण दुसरं करायचं तरी काय? गोठ्यात आम्ही फ्रीजर आणि वॉशिंग मशीन ठेवलं होतं. त्यांच्या शेजारी एक जुनं दार दोन स्टुलांवर टाकून मी ड्रॉइंग टेबल केलं. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नाही म्हणून ते दगडाखाली दाबून ठेवायची. नवरा म्हणायचा, "आमच्या मॅडम गोठ्यात आहेत." मी म्हणायची, "वरच्या अंगापेक्षा इथे गर्दी कमी." हिवाळा संपेपर्यंत अख्ख्या घराचे नकाशे झाले. प्लॅन, छेद, चारही बाजू, आणि त्या मागच्या चौकटीचा एक वेगळा कागद, खुणांसकट.

घर लिस्टेड होतं, म्हणजे सरकारदरबारी जपण्याच्या यादीतलं. खिडकीची काच बदलायलाही परवानगी लागायची. तशीच एक परवानगी मागितली होती म्हणून कौन्सिलची कॉन्झर्वेशन ऑफिसर बघायला आली. रिटायरमेंटला आलेली वेल्श बाई, पांढरे केस कापलेले, पायात शेतातले बूट. खिडकी बघून झाली आणि तिची नजर गोठ्याच्या भिंतीवर लावलेल्या कागदांवर गेली. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.

"हे कुणी काढलं?"

मी म्हटलं, मी.

मग तिने जे विचारलं ते इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. ही भिंत इथे जाड का, हा जिना नंतरचा आहे असं तुला कशावरून वाटतं, जोड्यांमधलं अंतर सारखं का नाही? आम्ही दोघी त्या घरभर टॉर्च घेऊन फिरलो, माळ्यावर चढलो, माझा चहा करायचा राहून गेला. जाताना म्हणाली, की कौन्सिल या खोऱ्यातल्या जुन्या शेतघरांची मोजणी सुरू करणार आहे. निम्मी घरं पडायला आली आहेत, कागदावर कुणीच उतरवलेली नाहीत. आठवड्यातले दोन दिवस काम. इथे परीक्षा दिलेली असायला हवी असं नाही, हात आणि डोळा हवा. "मुलाखत होईल, पण खरं सांगू, तुझे कागद मी आत दाखवले की झालं."

ती गेल्यावर मी सिंकपाशी उभी राहून नळ सोडून रडले. मला पुन्हा काम मिळणार होतं. दुसऱ्यांच्या घरांत टेप घेऊन शिरायचं आणि कुणीतरी त्याला काम म्हणायचं. मला दुसरं काही नको होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गुड, गुड. तुझाही वेळ जाईल."

त्याच सुमाराला सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. नवऱ्याची पुन्हा एका पोस्टसाठी मुलाखत ठरली होती, आणि आधीच्या सगळ्या नकारांनी त्या माउलीचा धीर सुटला होता. इतका हुशार मुलगा, त्याला लोक असं का वागवतात, हे त्यांना समजत नव्हतं. मला समजत होतं, पण ते सासूबाईंना सांगून उपयोग नव्हता. त्यांना असं कारण हवं होतं ज्याच्यावर हातोडा चालवता येईल.

ते पुण्याहून आलं. माझ्या दिरांनी एक वास्तुतज्ज्ञ गाठले. तेव्हा पुण्यात त्यांचं भलतंच पेव फुटलं होतं, प्रत्येक बिल्डरच्या खिशात एकेक असायचा. त्यांना घराचा प्लॅन हवा होता. घरात तयार प्लॅन होता, माझा. नवऱ्याने तो हॉस्पिटलात स्कॅन करून पाठवून दिला. मला विचारलं नाही, पण मी हातानेच दिला असता, कारण मला वाटलं, बघू दे ना, चांगला प्लॅन आहे.

रविवारी फोन आला. स्पीकरवर टाकला होता. सासूबाई हात जोडून खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. तज्ज्ञ म्हणाले, "प्लॅन उत्तम काढलाय, अगदी स्वच्छ कळतंय. घर नाहीये हे, बोगदा आहे. पुढच्या दारातून आलेलं सगळं मागच्या दारातून निघून जातंय. संधी दारात येते, पण थांबत नाही. मागचं दार बुजवा." गोठा घरातच आहे हे मात्र त्यांना पसंत पडलं. गाय शुभ.

मी मध्ये बोलले. म्हटलं, "अहो, आपल्याकडच्या जुन्या घरांना पुढचं दार आणि परसदार एका रेषेतच असायचं की. मी कितीतरी मोजलीयेत."

"बरोबर आहे ताई," ते गोडपणे म्हणाले, "आणि आज त्या घरांत कोण राहतंय?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा खिडकीबाहेर बघत होता. एमडी झालेला माणूस. नंतर मी त्याला नीट सांगितलं, की हे लिस्टेड घर आहे, त्या चौकटीला परवानगीशिवाय धक्का लावला तर गुन्हा आहे, चक्क कोर्टात नेतात. तो म्हणाला, "अगं, कोण काय करतंय? आईला बोलू दे. बोलून बरं वाटतं तिला."

मी विश्वास ठेवला.

मग माझा नवा पासपोर्ट आला आणि जुन्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का त्यावर घ्यायला मला लंडनला, क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात जावं लागलं. मुलीला घेऊन गेले, स्लाऊला मावसबहिणीकडे राहिले. तिथे एअरपोर्टवर काम करणाऱ्या पंजाबी शेजारणींनी मुलीला पराठे खाऊ घातले, बहिणीने माझ्या केसांना तेल लावून दिलं. मी बहिणीला नव्या कामाबद्दल इतकं सांगितलं, की शेवटी ती म्हणाली, "पुरे आता, दृष्ट लागेल." परत येताना ट्रेनमध्ये मी मुलीला चौकोनी कागदावर घराचा प्लॅन कसा काढतात ते दाखवत होते.

दुपारी घरी पोचलो तर दारातूनच धुराचा वास. पुढचं दार उघडलं आणि बोळात अंधार होता. त्या बोळात दिवसा कधी अंधार नसायचा. समोर करड्या सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत, सांधे अजून ओले. खाली भुसा पडलेला.

मी आत गेले. सासूबाई शेकोटीसमोर बसून पाय शेकत होत्या. खोली धुराने भरली होती, त्यांचे डोळे लाल झाले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं. "आलीस? बघ, आज किती दिवसांनी छान ऊब आलीये. तो भिंत घालणारा खुणेने सांगत होता, लाकूड एकदम सुकं आहे." शेकोटीत चौकट जळत होती. वरची कमानीची पट्टी करवतीने तुकडे करून आडवी टाकली होती. खांबाचा एक तुकडा अजून बाहेर होता, त्यावरच्या खुणा मला तिथून दिसत होत्या. मी तो उचलायला गेले तर त्याचं दुसरं टोक निखाऱ्यात होतं आणि हात पोळला.

मी ओरडले. त्या घरात मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. सासूबाई घाबरून उठल्या आणि म्हणाल्या, "अगं, लाकडासाठी काय एवढं! माझ्या मुलाचं आयुष्य अडलंय." आणि त्या खरोखरच रडायला लागल्या. आता त्यांना काय बोलणार? त्यांच्या दृष्टीने त्यांनी मुलाच्या पायातला काटा काढला होता.

नवरा संध्याकाळी आला. ठोकळे त्याच्याच ओळखीच्या माणसाने लावले होते, नवऱ्यानेच फोन करून त्याला बोलावलं होतं. मी घरात असताना जमलं नसतं, म्हणून मी नसताना. त्याने हे लपवलंसुद्धा नाही. "तू उगाच सीन केला असतास. मुलाखत होऊन जाऊ दे, मग काढू परत. सिमेंटचीच तर भिंत आहे." मी म्हटलं, भिंत काढशील, चौकट कुठून आणशील? तो म्हणाला, "ओकची दुसरी करू." मी त्याच्याशी बोलणं टाकलं, पण तो मुलाखतीच्या तयारीत होता आणि मला वाटतं, त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

आणि मग त्याला पोस्ट मिळाली.

हो, मिळाली. इतक्या नकारांनंतर त्या मुलाखतीतच मिळाली. सासूबाईंनी पुण्याला फोन लावून तज्ज्ञांना पेढ्यांचा निरोप दिला. दिरांनी स्पीकरवरून माझं नाव घेऊन विचारलं, "काय वहिनी, आता?" नवरा हसत होता, मुलीला उचलून गोल फिरवत होता, आणि मी त्याला इतकं सुखी कधीच पाहिलं नव्हतं. मी शिरा केला. धुराने माझेही डोळे चुरचुरत होते आणि भिंतीच्या खालच्या भागाला काळसर ओल दिसायला लागली होती. ती कुणाला दाखवणार?

त्यानंतरच्या आठवड्यात ऑफिसरबाई आल्या. फोन न करता, शनिवारी, हातात एक पाकीट घेऊन. माझे कागद त्यांनी वरती दाखवले होते, साहेबांना आवडले होते, मुलाखतीची तारीख स्वतः सांगावी म्हणून त्या वाट वाकडी करून आल्या होत्या. चेहरा आनंदाने फुललेला. पुढच्या दारातून सवयीने बोळात शिरल्या आणि थांबल्या.

त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग पुढे जाऊन त्यांनी ठोकळ्यांवर हात ठेवला आणि चौकटीच्या जागी चाचपून पाहिलं. "कुठे आहे?" एवढंच विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला आधी कळलंच नाही. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी नवरा बोलला. तो जिन्यावरून खाली आला होता, हसतमुख, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतो त्या आवाजात.

"माय वाइफ इज दि आर्किटेक्ट, यू सी. घराचं सगळं तीच बघते. मी आपला हॉस्पिटलात असतो, मला यातलं काही कळत नाही."

त्याने मला आर्किटेक्ट म्हटलं ते त्या दिवशी, पहिल्यांदा आणि शेवटचं.

ऑफिसरबाई माझ्याकडे वळल्या. "इज दॅट राइट?"

मागे सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी समजत नव्हतं, पण काहीतरी चुकलंय हे समजलं होतं आणि त्यांनी मुलीला जवळ ओढून घेतलं होतं. नवरा माझ्याकडे बघत होता. पंधरा वर्षं दुसऱ्यांची पाटी पुसत आलेला माणूस, त्याची स्वतःची पाटी अजून दारावर लागायची होती. त्याच्या डोळ्यांत भीती होती, नुसती भीती. मला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी त्याची दया आली, आणि दयेने माझा घात केला.

"येस," मी म्हटलं.

त्यांनी पाकीट दिलं नाही. ते परत बॅगेत घातलं, बॅग हळूच बंद केली. जाताना माझ्याकडे बघून वेल्शमध्ये काहीतरी म्हणाल्या. मला वेल्श येत नाही, पण त्यांचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मी सहन केला असता.

मग मी किचनमध्ये गेले आणि नवरा मागोमाग आला. म्हणाला, "लिसन. माझ्या नावावर केस झाली असती तर डॉक्टरांच्या रजिस्ट्रेशनवाल्यांना कळवावं लागलं असतं. नवी पोस्ट आहे, त्यांनी ऑफर मागे घेतली असती. तुझ्या नावावर झाली तर काय होतं? तुला कुठे नोकरी आहे? तुला काय फरक पडतो?"

मी त्याला पाकिटात काय होतं ते सांगितलं.

तो म्हणाला, "अगं, दोन दिवसांचं काम ते. दुसरं मिळेल."

मिळालं नाही. कौन्सिलने मला बोलावून माझा जबाब घेतला, मला ताकीद दिली आणि दार पूर्ववत करायला लावलं. ताकीद मिळालेल्या बाईला कौन्सिल जुनी घरं मोजायला पाठवत नाही, हे मलाही समजतं. मोजणीचं काम कार्डिफहून आलेल्या एका मुलाला दिलं. तो आमच्या घरीही आला होता, घर मोजायला. मी त्याला माझे कागद दिले नाहीत. मोजू दे म्हटलं, मलाही त्याला अख्खा हिवाळा लागला होता.

सासूबाई परत जाईपर्यंत भिंत होती, त्या गेल्यावर पाडली. नवऱ्याची काही हरकत नव्हती, काम झालं होतं. नवी चौकट माझ्या त्या वेगळ्या कागदावरून केली, मापात कुठेही फरक नाही. सुताराने विचारलं, की या खुणा पण कोरायच्या का? मी नाही म्हटलं. नवं ओक पिवळट असतं, काही वर्षांनी करडं पडतं. लोक येतात आणि त्या दाराचे फोटो काढतात. मी सहसा पुढच्याच दाराने ये-जा करते.

बेसिंगस्टोकला नवऱ्याच्या कॉलेजमित्राकडे गणपती असायचा. आयटीतली पुण्या-नागपूरची मंडळी, आरती, मग श्रीखंड-पुरी, मग गप्पा. मुलगी बारा वर्षांची होती त्या वर्षी कुणीतरी आमच्या घराचं कौतुक केलं आणि नवरा रंगात आला. "अरे, त्या घराची गंमत सांगतो. आमच्या मॅडमना वाटलं, वास्तूत दोष आहे. आर्किटेक्ट बाई! मी हॉस्पिटलात, आणि हिने लिस्टेड दार सिमेंटने बुजवून टाकलं. कौन्सिल दारात! मी कसंबसं निस्तरलं." सगळे हसले. एकजण म्हणाला, "वहिनी, तुम्हीसुद्धा?" मी पुऱ्यांचं ताट पुढे केलं. मी नवऱ्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. तो आठवत होता. त्याला ते तसंच आठवत होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत मुलगी मागून म्हणाली, "आई, तू का केला असं? तो दार किती ओल्ड होता. तुला माहीत नव्हती?"

नवरा गाडी चालवत होता. त्याने रेडिओचा आवाजही कमी केला नाही. मी वाट पाहिली. पुढचं वळण आलं, गेलं, तो काही बोलला नाही.

"चूक झाली," मी म्हटलं.

आता ती मोठी झाली आहे, तिच्या मित्रमैत्रिणींना ती ही गोष्ट सांगते. माझ्यावर तिचं प्रेम आहे, म्हणून हसून सांगते. खरं काय झालं ते मी इथे पहिल्यांदाच लिहून काढलं आहे. नवऱ्याच्या हातात हे पडलं तरी तो वाचणार नाही, माझे कागद तो फक्त स्कॅन करतो. आणि मुलीची मला भीती नाही. हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे, आणि तिला मराठी वाचता येत नाही.